हातून झालेली इजा

प्रिंटरच्या ट्रेमध्ये तिच्या रजेच्या अर्जाआधी कुणाचं तरी एक पान येऊन पडलं होतं. बाजूला ठेवायला म्हणून तिने ते उचललं आणि सवयीने वाचलं. तेवीस वर्षं प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात काढल्यावर आकड्यांचं पान दिसलं की नजर आपोआप गटांच्या रकान्यावर जाते. गट चार, सगळ्यात मोठा डोस, बारा उंदीर. पण पुढच्या सगळ्या रकान्यांत दहाच. खाली मुंगीएवढ्या अक्षरात टीप होती: क्रमांक त्रेचाळीस व सत्तेचाळीस हे औषध देताना तंत्रज्ञाच्या हातून झालेल्या इजेने दगावले, सबब निष्कर्षांतून वगळले. तिने ते दुसऱ्यांदा वाचलं, मग तिसऱ्यांदा नुसता ‘हातून’ हा शब्द वाचला. मशीन गरम होऊन घरघरत होतं. तिचा अर्ज सरकत बाहेर आला, खाली पडला, आणि ती तशीच उभी. तंत्रज्ञ म्हणजे कोण? त्या खोलीत डोस द्यायला दुसरं होतं कोण? नाव लिहिलं असतं तर निदान कुणीतरी चार माणसांत आपल्याला हाक मारली असं तरी वाटलं असतं. हे म्हणजे पाठमोऱ्या माणसाच्या पाठीवर खडूने काहीतरी लिहून ठेवावं आणि त्याने ते घेऊन गावभर हिंडावं. आपण किती दिवस हे पाठीवर घेऊन फिरतोय, असं तिच्या मनात आलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

अर्ज तिथेच राहिला. पान घडी करून एप्रनच्या खिशात टाकून ती खाली प्राणिगृहात आली. बाहेर ऊन असो की काही असो, इथे बारा महिने बावीस अंश. दिवे घड्याळाबरहुकूम लागणार आणि विझणार. लाकडाच्या भुशाचा, खाद्याचा आणि उंदरांच्या मुताचा मिळून एक वास, जो बाहेरच्याला दारातच परतवतो आणि तिला मात्र सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं करतो. पिंजऱ्यांच्या रांगांतून पाण्याच्या बाटल्यांच्या तोट्या टकटकत होत्या. ती हात धुवायला गेली आणि धुता धुता हातांकडेच बघत राहिली. तिचे हात काही सुंदर नव्हते. बोटं आखूड, नखं मुळापर्यंत कापलेली, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दातांच्या दोन जुन्या खुणा. पण हे हात कामाचे आहेत याबद्दल आजवर कुणी, अगदी तिच्या सासूनेसुद्धा, शंका घेतली नव्हती. ती नोकरीला लागली तेव्हा इथे एक म्हातारा टेक्निशियन होता, त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी पहिला महिनाभर तिला सुई दाखवलीही नाही. रोज सकाळी नुसतं उंदीर हातात धरून बसायचं. आधी हात गरम करून घ्या, म्हणायचे, गार हाताने धरलंत तर त्याला वाटतं साप आला. महिन्याने त्यांनी तिच्या हातात ती टोकाला गोल मणी असलेली वाकडी सुई दिली. उंदराच्या अंगावर बाहेरून धरून लांबी मापायची, मान सरळ करायची, जिभेच्या कडेने आत सोडायची, आणि ढकलायची नाही. सुई स्वतःच्या वजनाने उतरली की समजायचं अन्ननलिका आहे. अडली की थांबायचं. पुन्हा थांबायचं. घाई असेल तर त्या दिवशी डोस द्यायचाच नाही, घरी जायचं. तिने हिशेब कधी ठेवला नव्हता, पण दिवसाला चाळीस-पन्नास धरले तरी तेवीस वर्षांत ही सुई लाखो वेळा उतरली असेल, आणि उतरताना तिला बोटांच्या टोकात ते कळायचं, जसं अंधारात आपल्याच घराची पायरी पायाला कळते.

त्रेचाळीस आणि सत्तेचाळीस तिला नीट आठवत होते. औषध नवीन होतं, सांध्यांच्या दुखण्यावरचं. अठ्ठावीस दिवस रोज एक डोस. पंधराव्या दिवशी पिंजरे बदलताना चौथ्या गटाचा भुसा तिला वेगळा दिसला होता. ओलावा नेहमी फिकट असतो, हा गडद, चहा सांडल्यासारखा. तिने रजिस्टरमध्ये तशी नोंद केली. सतराव्या दिवशी त्रेचाळीसचे कान पाहिले. पांढऱ्या उंदराचे कान गुलाबी असतात, दिव्यासमोर धरले तर आतल्या शिरा दिसतात. ते कान जुन्या कागदासारखे पिवळट झाले होते आणि शेपटीही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग मुडपून पडला होता, मेलेला, पण अजून कोमट. आदल्या दिवशी दुपारी चारला त्याला डोस दिला होता, सकाळी आठला तो सापडला. सत्तेचाळीस त्यानंतर दोन दिवसांनी, तसाच. दोघांनाही टेबलावर उघडलं तेव्हा ती डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभी होती. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाई तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, बोलायला मऊ. फुप्फुसं स्वच्छ होती, हलकी, गुलाबी, पाण्यात टाकली तर तरंगतील अशी. आणि यकृत? निरोगी उंदराचं यकृत गडद तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, कडा पात्यासारख्या धारदार. हे फिकट पडलेलं, वर ठिपके ठिपके, कडा फुगून बोथट झालेल्या, चिमट्यात धरलं तर भाकरीचा कुस्करा व्हावा तसं सुटत होतं. डॉक्टरीणबाई तेव्हा मास्कच्या आडून हळूच म्हणाल्या होत्या, “ताई, बघितलंत का हो, काय होऊन बसलंय याचं.” त्यांनी फोटो काढला होता. तुकडे फॉर्मलिनमध्ये घातले, त्यांचे मेणाचे ठोकळे पाडले, स्लाइडी केल्या. हे सगळं दोघींनी मिळून केलं होतं. आणि अहवालाच्या या एकेचाळिसाव्या पानाच्या तळाशी डॉक्टरीणबाईंची सही होती, लांब शेपटीची, घाईत केलेली नव्हे, अगदी सावकाश केलेली.

त्यांच्या खोलीत ती गेली तेव्हा त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या, आणि तिने पान टेबलावर ठेवल्यावरही त्यांनी डोळा लगेच काढला नाही. मग जे बोलणं झालं ते ती पुढे कितीतरी दिवस मनात उलटंपालटं करत राहिली. त्या म्हणाल्या की बारांतले दोनच गेले, उरलेल्या दहांचे रक्ताचे आकडे थोडे चढलेत पण हाताबाहेर नाहीत, दोघांमुळे सगळी सरासरी बिघडते, साहेबांचं म्हणणं असं की ही औषधाची गोष्ट नव्हेच. मग कशाची, असं तिने विचारलं.  वगळायचे तर काहीतरी कारण लिहावं लागतं, असं त्या म्हणाल्या, आणि हातातली पेन्सिल उगाच टोकदार करू लागल्या.  ती म्हणाली, “कारण लिहायचं म्हणून माझा हात लिहिलात?” डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले झाले होते, आणि याचा तिला जास्तच राग आला. त्या म्हणाल्या, सहा वर्षांपूर्वीची एक नोंद आहे ना ताई, तुमच्याच अक्षरातली, साहेबांनी ती काढून दाखवली, तसं पुन्हा होऊ शकतं असं ते म्हणाले.

ती नोंद. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी एका उंदराने ऐन वेळी मान फिरवली होती. सुई अडायला हवी होती तिथे अडली नाही, आणि दाब देण्याच्या आधी थांबायला तिला क्षणभर उशीर झाला. उंदराने तीनदा तोंड उघडलं, नाकाशी फेस आला आणि तो तिच्या मुठीतच गेला. सगळं मिनिटभरात. तिने त्याला कापसावर ठेवलं, हात धुतले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: माझ्या हातून चूक, सुई श्वासनलिकेत गेली. खाली सही. त्या काळी अशा ठिकाणी सगळे ‘कारण अज्ञात’ लिहून मोकळे व्हायचे. तिलाही कुणी अडवलं नसतं. पण तिला वाटलं होतं, जनावर आपल्या हातात मेलं आहे, निदान खोटं तरी लिहू नये. त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःबद्दल थोडा अभिमानही वाटला होता, हे तिला आता आठवलं आणि स्वतःचंच हसू आलं. खरं बोलणाऱ्या माणसाचं खरं असं जपून ठेवतात तर, ड्रॉवरमध्ये, पुढेमागे त्यालाच मारायला.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. अठ्ठावीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याचा उजवा पाय घरच्या खुर्चीतसुद्धा फरशीवरचा न दिसणारा ब्रेक दाबत असे. कुणी मोठ्याने बोललं की पाय दाबलाच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नाव आहे का तुझं त्यात? नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. मग कशाला अंगावर ओढून घेतेस, म्हणाला, चौदा महिने राहिलेत तुझ्या नोकरीचे, दोन उंदरांवरून कुठे भांडत बसतेस. तो वाईट माणूस नव्हता. रस्त्यावर कुणी शिव्या घातल्या तरी काच वर करून पुढे जावं, हे त्याने हजारो लोकांना शिकवलं होतं आणि त्यातले बहुतेक सुखरूप होते. पण ‘दोन उंदीर’ हे शब्द तिला लागले. बायको उंदीर मारते, हे तो पाहुण्यांत गमतीने सांगायचा आणि तीही हसायची. खरं म्हणजे ती गोष्ट गमतीची नव्हतीच. तिने किती मारले होते, आपल्या गरम हातांनी, हळुवारपणे? रात्री झोपताना ते कधी स्वप्नात आले नाहीत, कारण तिने स्वतःशी एक सोय लावून घेतली होती. इथे जो मरतो तो लिहिला जातो. त्याचा नंबर, वजन, दिवस, काय दिसलं, काय बिघडलं. त्याला विचारून कुणी आणलेलं नसतं, त्याच्या भल्याचं यात काही नाही. पण तो जे सांगून जातो ते आपण शब्द न गाळता उतरवून घ्यायचं. एवढंच देणं तिच्या बाजूने होतं, आणि ते ती चुकवत आली म्हणून तिला जेवण जात होतं. आता कुणीतरी एका टिपेत म्हणालं होतं की त्या दोघांनी काहीच सांगितलं नाही. एकोणीस दिवसांत पिवळा होत होत मेला तो, आणि त्याचं म्हणणं काय, तर ताईंचा हात चुकला. तिला वाटलं, असं असेल तर मग ती खोली म्हणजे खाटीकखानासुद्धा नव्हे. खाटकाकडे निदान कुणाचं पोट तरी भरतं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे या सगळ्या अभ्यासाचे प्रमुख, टेबलावर कधी एक कागद इकडचा तिकडे नाही, आवाज कधी चढला नाही. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. अशा खुर्चीवर ती तेवीस वर्षांत दोनदा बसली असेल. ते म्हणाले, तुमच्यावर कुणी आरोप करत नाही, ही अहवालाची भाषा असते. तिने डोस आणि मरण यांच्यातलं अंतर सांगितलं, फुप्फुसं कशी होती ते सांगितलं, भुशाची नोंद सांगितली. ते मान हलवत ऐकत होते, लहान मुलीची कविता ऐकावी तसे. बोलता बोलता ती मूळ मुद्द्यावरून कधी घसरली ते तिला कळलंच नाही. ती उस्तादांबद्दल, आपल्या हातांबद्दल, अपमानाबद्दल बोलू लागली. साहेबांनी ते बरोबर हेरलं. ते म्हणाले, “तुमचा अपमान व्हावा असं मला मुळीच वाटत नाही, ताई. आपण ती ओळ बदलू. मृत्यूचं कारण अज्ञात, असं लिहू. मग तर झालं?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चालेल, असं ती म्हणाली. चहाही प्यायली. जिना उतरताना तिला इतकं हलकं वाटत होतं की खालच्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची तिने विनाकारण विचारपूस केली.

हे हलकेपण संध्याकाळपर्यंत टिकलं. जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं की ओळ बदलणार आहेत. मिटलं म्हणायचं, तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं जसं शिकाऊ माणसाने गाडी कुठेही न घासता मागे घेतल्यावर पसरायचं. मग त्याने सहज विचारलं की ते औषध कशावर आहे. सांध्यांवर, ती म्हणाली. तो गुडघा चोळत हसला. “मग लवकर बाजारात आणा म्हणावं. माझे गुडघे वाट बघतायत.” तिचा घास हातातच राहिला. समोर त्याचा चेहरा होता, दिव्याखाली, ओळखीचा, दाढीचे खुंट वाढलेला. त्याचे कान तिने पाहिले. मोठे, लोंबते, काठाला तांबूस. उंदराला कावीळ झाली की आधी कानांवर दिसते हे तिला माहीत होतं, माणसाच्या डोळ्यांत दिसते हेही. आणि तिला कळलं की आपण काय करून आलोय. साहेबांनी तिचा हात परत दिला होता आणि बदल्यात तिने ते दोन्ही उंदीर त्यांना देऊन टाकले होते. कारण अज्ञात. कारण मुळीच अज्ञात नव्हतं, तिने ते चिमट्यात धरलं होतं. तिला आधी साहेबांचा राग आला, मग त्या चहाचा, मग आपल्या डोळ्यांतल्या पाण्याचा. इतक्या स्वस्तात गेले मी, असं ती मोठ्याने म्हणाली. नवऱ्याने विचारलं काय झालं, आणि त्याचा पाय फरशीवर दाबला गेला. काही नाही, ती म्हणाली, तुम्ही जेवा. ज्याला खाटीक बोकडाचं काळीज म्हणतात ते खरं तर यकृतच. गाणी करणाऱ्यांनी ते उचलून छातीत नेऊन बसवलं. पण त्या संध्याकाळी ते तिला बरगड्यांच्या खाली, उजव्या बाजूला, जिथे असतं तिथेच दुखत होतं.

गुरुवारी प्राण्यांवरचे प्रयोग तपासणारी समिती यायची होती. दर तीन महिन्यांनी ते लोक यायचे, पाच जण. साहेब आणि डॉक्टरीणबाई धरून तिघं इथलेच, दोघं बाहेरचे. बाहेरच्यांत एक म्हातारे गुरांचे डॉक्टर होते, निवृत्त, खांद्यातून वाकलेले, हात फावड्याएवढे. त्या दिवशी तिचं काम म्हणजे दारं उघडायची, बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या द्यायच्या आणि विचारलं तर तापमान सांगायचं. गुरांचे डॉक्टर दर वेळी पिंजऱ्यांवरून नजर फिरवून तिला विचारायचे, काही तक्रार? आणि ती म्हणायची, नाही. बुधवारी ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि त्रेचाळीस-सत्तेचाळीसचे मेणाचे ठोकळे मागितले.  ते टाकून द्यायला सांगितलंय, म्हणाल्या, मी अजून टाकले नाहीत. मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढून उघडा ठेवला, बेसिनकडे गेल्या आणि पाठ करून हात धुवायला लागल्या. साबण लावला, धुतला, परत लावला. तिने खणातून दोन ठोकळे आणि स्लाइडींची पेटी घेतली. इतका वेळ हात धुणारं माणूस तिने या इमारतीत पाहिलं नव्हतं. याला मदत म्हणायचं की भित्रेपणा, हे तिला ठरवता येईना, आणि आभार मानणं तर तिच्या जिवावर आलं. ती तशीच निघून आली.

गुरुवारी सगळे आले. साहेब पुढे, माहिती देत. गुरांच्या डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळलेसुद्धा. “आहे,” ती म्हणाली. ते थांबले. या वेळी तिने स्वतःबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवलं होतं. उस्ताद नाही, तेवीस वर्षं नाही, अपमान नाही. तिने रजिस्टर उघडून पानं दाखवली. पंधरावा दिवस, भुसा. सतरावा दिवस, कान. एकोणिसावा, एकविसावा. मग एप्रनच्या खिशातून ठोकळे आणि स्लाइडींची पेटी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली की हे दोन उंदीर अहवालातून काढून टाकलेत, यांची यकृतं बघा आणि मग काढा. साहेब शांतपणे म्हणाले की ती नोंद दुरुस्त केलेली आहे आणि ताई थोड्या भावनाविवश आहेत. गुरांच्या डॉक्टरांनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही. ते चष्मा कपाळावर चढवून रजिस्टर वाचत होते. त्यांनी तिला विचारलं, डोस दिल्यावर किती तासांनी मेला? सोळा, ती म्हणाली. ते साहेबांकडे वळले. “नळी श्वासात गेल्यावर सोळा तास जगलेलं जनावर मी तरी जन्मात पाहिलं नाही,” ते म्हणाले, “आणि मी चाळीस वर्षं जनावरांना नळ्याच घातल्यात.” मग त्यांनी मायक्रोस्कोप कुठे आहे ते विचारलं. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून दिलं.

ठरलं ते असं की प्रयोग पुन्हा करायचा. बारा उंदरांना सगळ्यात मोठा डोस, बारांना औषध न घालता नुसतं गोंदाचं पाणी. आणि साहेबांनी एक अट घातली, अगदी सौजन्याने: डोस त्याच हाताने दिले जावेत, वर कॅमेरा लावून, म्हणजे हाताचा प्रश्न कायमचा निकालात निघेल. तिला हे ऐकून क्षणभर वाटलं की आपण जिंकलो. चोवीस नवे उंदीर आले, खोक्यांतून, सहा आठवड्यांचे, कुतूहलाने फटीतून नाक काढणारे. यांतले काही मरायलाच आले आहेत हे तिला ठाऊक होतं. नाही म्हणायचं तिच्या मनात आलं. पण मग दुसरं कोण? कुणीतरी नवीन, गार हातांचं, घाईतलं. आणि मग जो मरेल तो पुन्हा त्या हाताच्या नावावर. ती रोज सकाळी कॅमेऱ्याच्या तांबड्या ठिपक्याखाली बसायची, तळवे एकमेकांवर घासून गरम करायची, एकेकाला मुठीत घ्यायची. मान सरळ, सुई स्वतःच्या वजनाने खाली. आपल्या हातून आता चूक व्हावी, एखाद्या वेळी, म्हणजे सगळं हाताचंच चुकलं होतं असं ठरेल आणि हे थांबेल, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. हात चुकला नाही. पंधराव्या-सोळाव्या दिवशी भुसा गडद झाला. मग कान. अठराव्या दिवसापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत पाच गेले. गोंदाचं पाणी पिणारे बाराच्या बारा टुणटुणीत.

पाचवा उघडला त्या दिवशी टेबलाशी त्या दोघीच होत्या. ती बघून सांगायची आणि डॉक्टरीणबाई लिहून घ्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमचं खरं होतं, ताई.” हे वाक्य ऐकायला आपण किती आसुसलो होतो, हे तिला आठवलं, पण ते आलं तेव्हा तिला एवढा संताप आला की चिमटा खाली ठेवावा लागला. खरं होतं ते त्या दोघांचं. दोन जणांनी स्पष्ट सांगितलं होतं तेच पुन्हा सांगायला पाच जणांना मरावं लागलं, आणि तेही तिच्याच हातून. आता मात्र ते खरोखर तिच्याच हातून.  तिने यकृत उचलून वजन सांगितलं, कडा बोथट, पृष्ठभागावर ठिपके, हाताळताना सुटतं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं तिने वाकून वाचलं. रंग थोडा फिकट, असं होतं.

“ते ‘थोडा’ खोडा,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी खोडलं, शेजारी सही केली, तारीख घातली.

अहवाल गेला. पुढे काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही, कुणाला सांगावंसंही वाटलं नसावं. महिन्याभराने तिची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली. कागदावर कारण वयाचं होतं, कष्टाचं काम आता नको असं. साहेबांना कुठेतरी वर जागा मिळाली. बदलीनंतर पहिल्याच आठवड्यात तिने जेवणघराबाहेरच्या फळ्यावर सूचना पाहिली, की सांध्यांच्या औषधाचं काम व्यावसायिक कारणांमुळे बंद करण्यात येत आहे, सर्वांच्या परिश्रमांबद्दल आभार. म्हणजे गोळी कुणाच्या घशाखाली उतरणार नव्हती. ती सुटकेने भिंतीला टेकली. मग तिने ती ओळ परत वाचली आणि पदराने घाम पुसावा तसं कपाळ पुसून पेन काढलं. ‘व्यावसायिक कारणांमुळे’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: यकृतामुळे. शेजारी सही केली, तारीख घातली. जेवायला जाणारे दोघं-तिघं थांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी तिथे कोरी प्रत लागली होती. तिने पुन्हा रेघ मारली, पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी फळ्याला काच बसली आणि कुलूप. ती काचेसमोर उभी राहिली. काचेत तिचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या आरपार ती सूचना. मग तिने एप्रनच्या खिशात हात घातला. नव्या खोलीत भांड्यांवर खुणा करायला तिला काचेवर लिहायचा जाड काळा मार्कर मिळाला होता, धुतला तरी न जाणारा.